मोडलेला पुकारा

९ फेब्रुवारी

दादा,

"तुमच्या भावाला देवाचं पाचारण झालं हे घरात सगळ्यात आधी कोणाला आणि कसं कळलं?"

तुझ्या चर्चच्या चिटणीस बाईंनी हा प्रश्न मला छापील कागदावर पाठवला आहे. खाली बारा ओळी आखून दिल्या आहेत. मला याचं उत्तर देता येत नाही. पदवीच्या परीक्षेतसुद्धा मी एकही प्रश्न कोरा ठेवला नव्हता. हा ठेवते आहे.

तुला तिथे पाळक होऊन सहा वर्षं होताहेत म्हणून मंडळी तुझ्या कौतुकाची पुस्तिका काढते आहे, असं कळलं. बाई लिहितात, "आमचे पाळकसाहेब म्हणजे चालतंबोलतं प्रेम." वाचून मी चहा सांडला. चालतं आहे खरं. आठ वर्षांपूर्वी आपल्या दारातून चालतं झालं ते अजून परत आलेलं नाही.

काय लिहू मी त्या बारा ओळींत? की तू पिशवी भरलीस आणि पंधरा वर्षांच्या मला म्हणालास, "छोटे, बाबांकडे बघ"? बघितलं. आई नसलेल्या घरात जेवढं बघता येतं तेवढं बघितलं. बघता बघता कॉलेजही केलं. आपल्या घरातली पहिली पदवीधर! निकालाच्या दिवशी बाबांनी माझा कागद उलटा धरून पाच मिनिटं निरखला आणि म्हणाले, "शिक्का चांगला उठलाय." परगावी शिक्षिकेची जागा मिळत होती, ती मी घेतली नाही. का, ते तुला कळेल. नसेल कळत तर प्रार्थना करून बघ.

इथल्याच शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. संध्याकाळी बाजाराच्या मागच्या शेडमध्ये हमालांना लिहायला-वाचायला शिकवते. चौदा जण येतात. पहिल्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "वाचता येणं हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे." एकाने विचारलं, "बाई, काय लिहिलंय ते?" सगळे हसले, मीही हसले. तू लोकांना स्वर्गाचं सांगतोस. मी 'क'ला काना कुठल्या बाजूला द्यायचा ते सांगते. माझ्या कामाची कोणी पुस्तिका काढत नाही, आणि काढूही नये.

तुझी पत्रं दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतात. बाबा ती ऐकत नाहीत. हे तुला कधीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं, ते आज सांगितलं.

तुझी बहीण


१७ फेब्रुवारी

दादा,

"कागद कोरा परत पाठव, छोटे, मी त्यांना समजावतो." किती तो नम्रपणा! भांडायला घेतलं की तू पायरीवर बसून घेतोस, ही तुझी लहानपणापासूनची खोड. समोरचा उभाच राहतो, एकटा, मूर्खासारखा.

आता कामाचं. बाबांचा घसा पावसाळ्यापासून बसलेला होता. आम्ही म्हटलं, ओरडून ओरडून बसला असेल. तपासण्या झाल्या. गाठ आहे. स्वरयंत्र काढावं लागणार. सोमवारी ९ मार्चला सकाळी आठ वाजता ऑपरेशन आहे, आदल्या संध्याकाळी भरती व्हायचं आहे. जीव वाचेल, असं डॉक्टरीण बाई खात्रीने म्हणतात. आवाज राहणार नाही.

बाबा त्यांना म्हणाले, "म्हणजे भोंगा बंद?"

त्यांना कळेना. मी सांगितलं, की घाऊक भाजीबाजारात तेहतीस वर्षं हे लिलावाचा पुकारा करतात, आणि तिथे यांना भोंगा म्हणतात.

"तोवर जरा कमी बोला," डॉक्टरीण बाई म्हणाल्या.

"कमी बोलायचं असतं तर मी दुसरा धंदा केला असता, बाई."

त्यांनी तुझा विषय काढलेला नाही. आठ वर्षांत तुझ्याशी एक शब्द न बोललेला माणूस आता कशाला काढेल? मी आपण होऊन लिहिते आहे, कारण नंतर तू म्हणायला नकोस की कोणी कळवलं नाही. ये असं मी म्हणत नाही. नऊ तारखेनंतर त्यांना बोलावंसं वाटलं तरी बोलता येणार नाही, एवढंच म्हणते. पाळकाला हिशेब लवकर कळावा.

आणि हो, तुझ्या मंडळीला त्या सकाळबद्दल काय माहीत आहे? नेहमीसारखी दोन ओळींत उरकली असशील. मी तिथे होते. बाबांचा डबा घेऊन गेले होते.

बाजाराचा नियम तुलाही माहीत आहे, मलाही. पुकारा करणाऱ्याने एकदा ढीग उघडला की तिसरा पुकारा होईपर्यंत तोंड मिटायचं नाही. मध्ये थांबला तर लिलाव मोडला. मोडलेला ढीग त्या दिवशी कोणी घेत नाही, आणि दुसरा कोणी तो पुढे पुकारू शकत नाही. म्हणून बाबा खोकला आला तरी ओरडत राहायचे. "माल घेऊन आलेला माणूस रात्रभर जागून आलेला असतो. आपण तोंड उघडलं म्हणजे त्याला शब्द दिला." हे त्यांचं बायबल, दादा. एकाच ओळीचं आहे, पण त्यांनी ते तेहतीस वर्षं पाळलं.

तुझा पुकाऱ्याचा चौथा दिवस होता. अख्खा बाजार म्हणत होता, भोंग्याला भोंगा मिळाला. तू टोमॅटोचा ढीग उघडलास. दुसरा पुकारा झाला आणि मागे क्रेटची थप्पी कोसळली, तो बुटका हमाल तिच्याखाली आला. लोक धावलेच होते. चार जण क्रेट उचलत होते. तुझी गरज नव्हती तिथे! तू ओट्यावरून उतरलास, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलास आणि उठलाच नाहीस. गाडी यायला पाऊण तास लागला. तोवर तो गेला होता. टोमॅटोवाली बाई ढिगाजवळ उभी होती, आणि बाबा त्या बाईसमोर उभे होते, मान खाली घालून. त्यांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं.

"पुकारा मोडणाऱ्याशी मी बोलत नाही," असं ते संध्याकाळी म्हणाले. त्यांनी शब्द पाळला. तू दोन महिन्यांत धर्मशिक्षणाच्या शाळेत निघून गेलास. हे लिहू का पुस्तिकेत?

तुझी बहीण


२६ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं ते राग पुरेसा आला की नाही हे बघायला.

एक म्हातारा बेकरीवाला आहे. घरीच अंथरुणावर आहे, दिवस मोजतो आहे. त्याच्या मुलाने त्याला टाकलं आहे. तू त्याला शब्द दिला आहेस की शेवटपर्यंत उशाशी बसशील. मंडळीतले लोक आळीपाळीने येतात, पण रात्री त्याला तुझाच हात लागतो. तेव्हा "तो सुटला तर मी शनिवारी निघेन, नाहीतर मला येता येणार नाही. बाबांना सांग."

सुटला तर! तू एका माणसाच्या मरणाची वाट बघतो आहेस की बसची, ते एकदा ठरव.

मुलाने टाकलेला बाप तुला तिथे सापडला, म्हणून तू त्याच्या उशाशी बसलास. इथेही एक आहे, पाळकसाहेब. फक्त हा तुझ्या मंडळीच्या यादीत नाही. याने रडून तुझा हात मागितला नाही, म्हणून याचा नंबर लागला नाही का? तुझ्या धंद्यात सोय मोठी आहे. परक्याजवळ बसलं की त्याला सेवा म्हणतात. आपल्या माणसाजवळ बसलं की तिला कोणी नावही देत नाही, कारण ती बहिणी करतात.

मी कोणाचा द्वेष करू नये असं स्वतःला बजावत असते. वर्गात मी हमालांना सांगते की मनात असेल ते नीट वाक्यात मांडायला शिका, म्हणजे हात उगारावा लागत नाही. तर नीट वाक्यात मांडते. तू लबाड आहेस असं मला वाटत नाही. तू खरा आहेस, आणि म्हणूनच मला तुझा जास्त राग येतो. लबाड असतास तर विसरता आलं असतं.

बाबांना काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

तुझी बहीण


३ मार्च

दादा,

आज जे झालं ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मी सांगते.

दुपारी दारावर टकटक झाली. उघडलं तर पांढऱ्या केसांच्या ठेंगण्या बाई, हातात छत्री, ऊन असून. तुझ्या चिटणीस. तुम्ही त्यांना नर्सबाई म्हणता ना? इथे नातीकडे आल्या होत्या. "म्हटलं कागद येत नाही, तर कागदाकडे आपणच जावं," असं म्हणत सरळ आत आल्या. बाबा खुर्चीत होते, गळ्याभोवती कापड गुंडाळून.

"अगंबाई! पाळकसाहेबांचे वडील! कान बघितले आणि ओळखलं."

बाबांनी दोन्ही कानांना हात लावून बघितलं. मला हसू आलं, आणि ते आल्याचाही राग आला.

मग त्या सुरू झाल्या. तुझी स्तुती करतील म्हणून मी दात आवळून बसले होते. तर म्हणाल्या, "खरं सांगू का, तुमचा मुलगा मीटिंगला हमखास उशिरा येतो. गाताना सूर असा सोडतो की पेटीवाला डोळे मिटून घेतो. रविवारचा उपदेश तर कुठून निघेल आणि कुठे पोचेल, देवालाच माहीत. पहिल्या वर्षी आम्ही त्याला परत पाठवायचा ठराव लिहून ठेवला होता. मीच लिहिला होता."

"मग?" बाबांनी विचारलं. पहिल्यांदाच.

"मग माझे यजमान गेले. लोक आले, शास्त्रातली वचनं सांगून गेले. हा आला आणि तीन दिवस माझ्या स्वयंपाकघरात भांडी घासत राहिला. एकदासुद्धा 'देवाची इच्छा' म्हणाला नाही. म्हणाला असता तर मी पळीच घातली असती डोक्यात. चौथ्या दिवशी मी विचारलं, 'पाळकसाहेब, काहीच बोलणार नाही का?' तर म्हणे, 'तुम्ही अजून रडला नाहीत. मी थांबलोय.' बसला की उठत नाही हो तो. आता त्या बेकरीवाल्याकडे बसलाय ना, सतरा दिवस झाले."

"कोण बेकरीवाला?"

मी मध्येच चहाचं विचारलं. कोणी लक्ष दिलं नाही. नर्सबाईंनी सगळं सांगितलं. तुला इथे यायचं होतं, म्हाताऱ्याला शब्द दिला होता म्हणून अडकलास, दोन दिवस जेवला नाहीस, तेही.

बाबांनी गळ्याभोवतीचं कापड सैल केलं. मग म्हणाले, आणि तो आवाज आता पत्र्यावर खिळा घासल्यासारखा झाला आहे, "मग उठू नको म्हणावं. ढीग उघडलाय ना त्याने."

नर्सबाईंना काही उमगलं नाही. मला उमगलं. आठ वर्षं जे वाक्य तुझ्या तोंडावर मारण्यासाठी मी जपून ठेवलं होतं, तेच बाबांनी तुझ्या बाजूने टाकलं.

तिथेच संपलं असतं तर मी वाचले असते. पण नर्सबाई उठता उठता म्हणाल्या, "तुमच्यावर जीव आहे हो त्याचा. महिनाअखेर झाली की खोलीचं दार लावून घेतो. आम्ही चिडवतो, लग्न करा, म्हणजे बायकोला लिहाल. तर म्हणतो, 'बाबांना लिहितोय.'"

"कोणाला लिहितो?"

"तुम्हाला! दर महिन्याला. मिळतात ना?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

आता लिहिते. बाबा तुझी पत्रं ऐकत नाहीत, हे मी खोटं लिहिलं होतं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा ते आंघोळीला निघाले होते. म्हणाले, "ठेव तिकडे." एवढंच. मी ठेवलं. तीन आठवड्यांनी त्यांनी जेवताना, ताटाकडे बघत विचारलं, "तिकडून काही आलं होतं ना?" मी म्हटलं, "काही विशेष नाही, पोचल्याचं होतं." पुढच्या महिन्यात विचारलं तेव्हा म्हटलं, "नाही." त्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं. मी पंधरा वर्षांची होते, हे कारण पहिल्या दोन वर्षांना पुरतं. नंतरच्या सहा वर्षांना पुरत नाही. तुला ते मिळू नये असं मला वाटत होतं, बस. तू निघून जाऊनही तुझं पत्र ऐकलं जावं, आणि मी घरात असून मला मात्र "मीठ कमी झालंय" एवढंच ऐकू यावं, हे मला चालणार नव्हतं.

चौदा हमालांना मी वाचण्याचा हक्क शिकवते. आणि घरात एक माणूस होता, ज्याला वाचता येत नाही म्हणून मला हे करता आलं.

नर्सबाई गेल्यावर मला वाटलं, आता ओरडतील. ओरडायला आवाज कुठे आहे? त्यांनी विचारलं, "किती?"

"शहाण्णव. पत्र्याच्या डब्यात आहेत. फोडलेलं एकच आहे, पहिलं."

"वाच."

"कुठून?"

"पहिल्यापासून. मधूनच कोणी ढीग उघडतं का?"

याबद्दल तू मला क्षमा करशील हे मला ठाऊक आहे. करू नकोस. ते तुझं कामच आहे, आणि मला तुझ्या कामाची गिऱ्हाईक व्हायचं नाही.

तुझी बहीण


६ मार्च, सकाळ

दादा,

मंगळवारी दुपारपासून काल संध्याकाळपर्यंत एकतीस पत्रं वाचून झाली. शाळेतून तीन दिवस रजा घेतली.

तू त्यात देवाचं फार लिहीत नाहीस, हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं सगळा उपदेश असेल. तू लिहितोस की पहिल्या रविवारी सात माणसं आली आणि त्यातली दोन पावसामुळे आत शिरली होती. की छपरावर चढून कौल बसवलंस आणि मंडळीतला एक गवंडी खालून ओरडला, "साहेब, उलटं!" की ज्याला गावात कोणीच चांगलं म्हणत नव्हतं अशा माणसाच्या दफनाला तू आणि खड्डा खणणारा, असे दोघेच होतात, आणि तू तरीही पूर्ण विधी केलास, एक ओळ न गाळता. ते पत्र बाबांनी दोनदा वाचायला लावलं.

पण सांगायचं ते वेगळंच आहे. प्रत्येक पत्राच्या शेवटी तू त्यांना एक प्रश्न विचारतोस. लांब वाचनात दम पुरत नाही, तुम्ही कुठून श्वास घ्यायचात? सकाळी उठल्या उठल्या आवाज लागत नाही, काय करावं? मागच्या बाकावरच्या बहिऱ्या आजोबांना ऐकू जावं पण पुढचं बाळ दचकू नये, असं कसं बोलायचं? शहाण्णव महिने तू त्यांना त्यांचा धंदा विचारत होतास.

आणि ते उत्तरं देत होते. भिंतीकडे बघून. तू समोर बसला असल्यासारखे.

"पोटातून, गाढवा, पोटातून! गळ्याने ओरडतो तो महिन्यात बसतो."

"कोमट पाण्याची गुळणी. आणि पहिला शब्द हळू."

"बहिऱ्याकडे बघून बोल. बाळाकडे बघू नकोस."

बुधवारी ही उत्तरं शेजारच्या खोलीत ऐकू जात होती. काल दुपारी मला पुढे वाकून ऐकावी लागली. एकतिसाव्या पत्रात तू विचारलं होतंस, "तुम्ही कधी मध्येच थांबायची इच्छा दाबली होती का?" बाबांचे ओठ हलले. आवाज आला नाही. त्यांनी पाणी प्यायलं, पुन्हा प्रयत्न केला, आणि हाताने मला 'थांब' अशी खूण केली.

मी पत्र मिटलं. काय चाललं आहे ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. होता तेवढा आवाज ते माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर खर्च करत होते. मी आठ वर्षं पत्रं अडवली, आणि आता उत्तरंही माझ्याच घरात अडकत होती.

संध्याकाळी डॉक्टरीण बाईंना जाऊन भेटले. विचारलं, रात्रभर गप्प ठेवलं तर सकाळी थोडा आवाज येईल का? म्हणाल्या, येईल. तुझ्या गावापर्यंतचा आठ तासांचा प्रवास झेपेल का? बसून केला तर झेपेल, रविवारी संध्याकाळी मात्र ते इथे हवेत. आणि बोलू देऊ का? त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "सोमवारी तो आवाज मी काढूनच टाकणार आहे. मला काय करायचाय साठवून? वापरू दे त्यांना."

नर्सबाई उद्या परत जाणार होत्या, मी फोन केला तर आजच निघायला तयार झाल्या. तुला फोन करायचा नाही असं त्यांच्याकडून वदवून घेतलं. तू कळल्यावर धावत सुटला असतास, आणि तो म्हातारा एकटा पडला असता. ते मला नको आहे. तुझ्यावर उपकार म्हणून नव्हे. बाबांनी उठू नको म्हणून सांगितलंय, म्हणून. बेकरीवाल्याच्या खोलीत एक खुर्ची जास्त लागेल, एवढी व्यवस्था नर्सबाई करतील. परत आणण्याचं कामही त्यांच्याकडेच आहे.

बाबांना मी रात्रीच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि जाऊन दाढी केली. बिछान्यावर टेकेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. सकाळी चहाच्या वेळी मी म्हटलं, "बाबा, माझ्यावर काही बोलायचं असेल तर आता बोलून घ्या." त्यांनी गळ्यावर बोट ठेवून नाही म्हटलं. हा आवाज माझ्यासाठी नव्हता. मला लागलं ते. लागायला हवंच होतं.

मी सोबत गेले नाही. मला तुला बघायचं नाही. तू परक्यांच्या उशाशी बसतोस ते चांगलंच काम आहे, हे मी आता मान्य करते, आणि ते चांगलं असूनही त्याची किंमत मी भरली हेही मी विसरणार नाही. दोन्ही एकदम खरं असू शकतं. मला पूर्वी वाटायचं, शिकल्यावर माणसाला यातलं एक निवडता येतं.

हे पत्र मी बसस्थानकाच्या बाकावर बसून लिहिते आहे. तुला मिळेल तेव्हा बाबा येऊन गेलेले असतील. पत्र्याचा डबा त्यांच्या मांडीवर ठेवला आहे. बत्तिसाव्या पत्रापासून पुढची सगळी अजून बंद आहेत. ती मी फोडलेली नाहीत, आता फोडणारही नाही. तू लिहिली आहेस, तूच त्यांना वाचून दाखव, आणि प्रत्येक पत्रानंतर थांब.

सात वाजून दहा मिनिटांनी बस सुटली.

तुझी बहीण